खिशातला साउंड रेकॉर्डर घ्यायचंय, त्यातून काय काय करता येईल?

भिंगरी

नमस्कार मंडळी. सध्या डोक्यात एकच खूळ शिरलंय, छोटा हॅन्डी रेकॉर्डर घ्यायचं. तोच तो, खिशात मावणारा, वरच्या टोकाला दोन माइक तिरके एकमेकांना छेद देऊन बसवलेले असतात. त्याचे व्हिडिओ बघत बसते, कुणी पावसात धरलाय, कुणी फिरत्या सायकलच्या चाकापाशी नेलाय, आणि हेडफोन लावून ते ऐकलं की अक्षरशः शहारा येतो, एवढं काय काय वाजत असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

थोडं बॅकग्राउंड सांगते. मी टॅबलेटवर छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म्स करते, हौस म्हणूनच, अर्ध्या मिनिटाच्या वगैरे. सेकंदाला १२ चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं म्हणजे २४ फ्रेम्सचा हिशोब बसतो. चित्र काढण्यात जीव रमतो पण आवाजाचा विषय आला की आतापर्यंत नेटवरच्या तयार लायब्रऱ्यांमधूनच उचलत आलेय. आता त्यात होतं काय की माझं दार वाकडंतिकडं, पेन्सिलने काढलेलं, आणि आवाज मात्र एकदम गुळगुळीत, शंभर व्हिडिओंत आधी ऐकलेला. चित्र माझं आणि आवाज परका, असं वाटत राहतं.

मग एकदा साउंड डिझाइनवरचं काहीतरी बघताना कळलं की १९७७ च्या स्टार वॉर्समधला लेसर बंदुकीचा तो प्यूं प्यूं आवाज साउंड डिझायनर बेन बर्टने रेडिओ टॉवरला ताणून धरणाऱ्या तारेवर ठोका मारून मिळवला होता. बास, तिथून माझी चाकंच फिरली. आता जे दिसेल ते वाजवून बघते, स्टेपलर, झिप, लिफ्टचं दार, सगळं.

तर विचारायचंय असं की फोन हाताशी असताना वेगळा रेकॉर्डर घेण्यात खरंच फरक पडतो का, ते ३२ बिट फ्लोट म्हणून जे सगळीकडे ओरडून सांगतायत ते नेमकं काय आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घेतल्यावर तुम्ही लोक त्याचं काय काय करता? मला कल्पना हव्यात. जेवढ्या वेड्या तेवढ्या चांगल्या.

रातवा

घे घे घे. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारे घे आणि रेकॉर्ड करताना ते कानावर असू देत, नुसतं लाल बटण दाबून धरून ठेवण्यात अर्धी मजा पण नाही. पहिल्यांदा हेडफोन लावून माइक हळूहळू एखाद्या वस्तूजवळ नेशील ना तेव्हा बघ, शांत वाटणारी खोली कधीच शांत नसते हे तेव्हाच कळतं.

खर्ज

३२ बिट फ्लोटबद्दल मी लिहितो कारण हा माझा आवडता विषय आहे आणि त्यावर अर्धवट माहिती फार फिरते.

साध्या रेकॉर्डरमध्ये आधी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावावा लागतो. जास्त लावला आणि अचानक मोठा आवाज आला तर तो वरून कापला जातो, आपण म्हणतो ना आवाज फाटला, तो फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. कमी लावला तर बारीक आवाज हिसमध्ये, म्हणजे यंत्राच्या सततच्या सूंसूं आवाजात, बुडतो. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटमध्ये १४४, आणि ३२ बिट फ्लोट फाइलमध्ये कागदावर १५०० च्याही वर. एवढा आवाज जगात कुठे होतच नाही, त्यामुळे फाइल भरून जाणं हा प्रकारच संपतो. आत सहसा दोन कन्व्हर्टर, म्हणजे माइकच्या विजेचे आकडे करणारे भाग, असतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी, आणि रेकॉर्डर दोन्हीचं जोडून एक करतो. घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये पट्टी डोक्याच्या वर गेलेली दिसली तरी खाली ओढायची, आकार जसाच्या तसा सापडतो. झूम ह्या रेकॉर्डर कंपनीचा एफ६ २०१९ मध्ये आला तेव्हा ही मुख्यतः शूटिंगवाल्यांची चैन होती, २०२४ मध्ये त्यांनी एच१ इसेन्शियल काढला आणि तेच खिशात आलं. त्याला गेनचं बटणच नाही.

आता जे कुणी ओरडून सांगत नाही ते सांगतो. फाइल फाटत नाही, पण माइक फाटू शकतो. माइकच्या पडद्याला सहन होईल त्यापेक्षा मोठा आवाज अगदी जवळून दिला तर तो माइकमध्येच खराब होतो आणि मग फाइल कितीही बिटची असो. आणि दुसरं, माइकची स्वतःची हिस असते. पान पडल्याचा आवाज घेऊन तो प्रचंड वाढवलात तर सोबत हिसही वाढणार, ३२ बिटने त्यात काही बदलत नाही. बारीक आवाजाला एकच औषध, माइक जवळ न्या. मोकळ्यात अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो.

तुमच्या कामाला, म्हणजे वस्तू आपटणं, दार लावणं, कुजबुजणं, असं लहानमोठं एकत्र असताना ही गोष्ट खरंच सोन्यासारखी आहे. डोकं गेनमध्ये अडकत नाही, ऐकण्यात राहतं.

अनवट

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

रेकॉर्डर येईपर्यंत थांबू नका. हा जो उत्साह आहे ना, स्टेपलर आणि झिप वाजवून बघण्याचा, तो आत्ता आहे, आणि तो पार्सलची वाट बघत बसत नाही. फोन काढा आणि आजच सुरू करा. फक्त फोनची एक खोड माहीत असू द्या. फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय. त्यात आवाज आपोआप वरखाली करणारं आणि गोंगाट दाबणारं प्रोसेसिंग असतं, त्याच्या मते पाऊस म्हणजे गोंगाट, पंखा म्हणजे गोंगाट, म्हणजे जे एकसारखं चालू आहे ते सगळं काढून टाकायचं. तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. त्यामुळे पाऊस फोनवर रेकॉर्ड केला की तो कधी पाण्याखालून आल्यासारखा तर कधी गायबच. आयफोनच्या व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये क्वालिटी लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवणारी, करता येते ती करा, अँड्रॉइडवर अनप्रोसेस्ड सोर्स, म्हणजे माइकचा कच्चा आवाज, निवडू देणारी रेकॉर्डर अ‍ॅप्स मिळतात, ती सगळ्याच फोनवर चालत नाहीत पण चाललं तर फरक लगेच ऐकू येतो. आणि विमान मोड लावा, नाहीतर चांगल्या टेकमध्येच कुणाचा तरी फोन येतो.

छोटे, ठसठशीत, जवळून घेतलेले आवाज फोनवर बरे येतात. स्विच, चावी, कागद फाडणं, पेनाचं टोपण. वातावरण, म्हणजे खोलीची शांतता, दूरची वाहतूक, पाऊस, ह्यासाठी मात्र रेकॉर्डर पाहिजे हे मलाही मान्य. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी फोनवर एक अख्खी फिल्म स्वतःच्या आवाजात करून बघा, मग तुमचं तुम्हालाच कळेल की कुठे अडतंय आणि त्याप्रमाणे यंत्र निवडता येईल.

रातवा

अनवटराव, मुद्दा पटला, पण नव्या वस्तूने जो हुरूप येतो त्यालाही किंमत आहे की. फोन रोजच हातात असतो, त्यात मेसेज असतात, कामं असतात, त्यामुळे रेकॉर्डिंग उघडेपर्यंत मन दुसरीकडे गेलेलं असतं. रेकॉर्डर हातात घेतला की तो फक्त एकच काम करतो. तो खिशात आहे एवढ्यानेच कान टवकारलेले राहतात. माझ्यासाठी तरी गॅजेटचा खरा उपयोग हाच आहे.

भिंगरी

दोघांचंही पटतंय. अनवट, राग कसला, उलट आज लगेच लॉसलेस करून टाकलं आणि कपाटाच्या बिजागरीपासून सुरुवात केली. बिजागरी हळू उघडली तर कर्र न वाजता वेगवेगळे टिक टिक टिक वाजतात! जोरात उघडली की तेच टिक जवळ येऊन त्याचा कर्र होतो. एवढी वर्षं दारं काढतेय, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता दार उघडतानाचं अ‍ॅनिमेशनपण मला त्या टिकटिकीप्रमाणे अडखळत करावंसं वाटतंय.

खर्ज, तुमचं वाचून फार बरं वाटलं, पहिल्यांदा नीट समजलं. अजून कल्पना येऊ देत मंडळी.

तारसप्तक

तो लेसरचा आवाज तुम्ही घरबसल्या करू शकता. धातूची स्लिंकी घ्या, ती स्प्रिंग जिन्यावरून उतरते ती. धातूचीच पाहिजे, प्लास्टिकची चालणार नाही. एका टोकाला कागदी कप अडकवा, कप हातात धरून बाकी स्प्रिंग खाली लोंबकळू द्या, तळ जमिनीला लागता कामा नये. आता खालच्या टोकाला पेन्सिलीने बारीकशी टिचकी मारा आणि कान कपाशी न्या. प्यूंऽऽ! हुबेहूब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला ओढून आणून ऐकवलंय.

हे का होतं तेही भारी आहे. हवेतून जाताना उंच आणि खर्जातले सूर सारख्याच वेगाने जातात, म्हणून टाळीचा आवाज दुरूनही टाळीसारखाच येतो. पण तारेत वाकण्याच्या ज्या लहरी जातात त्यात उंच सूर जास्त वेगाने पळतात आणि खालचे मागे रेंगाळतात. स्लिंकीत तार गुंडाळलेली आहे, म्हणजे उलगडली तर बरीच लांब, त्यामुळे तेवढ्या अंतरात उंच सूर पुढे निघून जातात आणि कपाशी आधी उंच, मग मधला, मग खालचा असे ओळीने पोहोचतात. तुम्ही मारली एकच टिचकी, तिची तारेने लांब घसरगुंडी केली. टॉवरच्या तारेत हेच झालं होतं.

रेकॉर्ड करताना माइक कपाच्या तोंडाशी धरायचा, आत घालायचा नाही, हवेचा धप्प असा आवाज येतो. टिचकी कशाने मारता त्याप्रमाणे सगळं बदलतं, चमच्याने कडक, रबराने मऊ, नखाने एकदम नाजूक. थेंबांचं अ‍ॅनिमेशन असेल तर नखवाला घेऊन बघा.

कानसेन

धागा बघून राहवलं नाही. जे यंत्र हाताशी आलं त्यातून कुणीतरी नवीन काहीतरी काढलं, हे आजचं नाहीये.

१९४४ मध्ये कैरोत हलीम अल-दब नावाच्या तरुणाने रेडिओ स्टेशनवरून वायर रेकॉर्डर उसना घेतला, म्हणजे टेपच्या जागी बारीक पोलादी तारेवर आवाज उतरवणारं यंत्र, आणि त्यावर एका विधीतलं गायन रेकॉर्ड करून नंतर स्टेशनच्या स्टुडिओत त्यातले काही स्वर काढून टाकून, प्रतिध्वनी घालून पार वेगळंच काहीतरी बनवलं. मग १९४८ मध्ये पॅरिसला पिएर शेफर ह्या रेडिओवरच्या इंजिनिअरने आगगाडीचे आवाज घेतले, वाफ, शिट्टी, रुळांची खडखड, आणि तबकड्यांवरून ते मागेपुढे, हळू, पुन्हा पुन्हा वाजवून एक रचना केली आणि ती रेडिओवर लावली. त्याच्याकडे सुरुवातीला टेपसुद्धा नव्हती! तबकडीवरची खाच बंद करून ठेवायची म्हणजे सुई त्याच वळणावर फिरत राहायची, झाला लूप. आज आपण फोनवर बोटाने लूप ओढतो त्याचं मूळ तिथे आहे.

आणि भिंगरीताई, गंमत बघा, सोनीचा १९७९ चा पहिला वॉकमन हा मुळात पत्रकारांच्या छोट्या रेकॉर्डरवरून बनवलेला होता. त्यातलं रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि स्टिरिओ ऐकणं घातलं. म्हणजे खिशातलं यंत्र घेऊन फिरायचं ते फक्त ऐकायला, असं मधली बरीच वर्षं चाललं. आता पुन्हा लोक खिशात माइक घेऊन फिरायला लागलेत हे बघून मला मनापासून आनंद होतो. ऐकणारा माणूस परत टिपणारा झालाय.

करायला एक सांगतो. कुठलाही एकच आवाज घ्या, तुमची बिजागरी घ्या, आणि पूर्ण एक मिनिटाची रचना फक्त त्यातूनच करा. दुसरं काही घ्यायचं नाही. वेग निम्मा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, पाव केला की दोन सप्तकं. बिजागरीचं जहाज होतं. उलटं फिरवलं की श्वास घेतल्यासारखं वाटतं. हात बांधले की डोकं चालायला लागतं, हा माझा अनुभव आहे.

खर्ज

कानसेन यांनी वेग कमी करायचं म्हटलंय त्यात एक सेटिंग जोडतो. माणसाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि रेकॉर्डिंगचा दर, म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा तो, त्याच्या दुप्पट लागतो, म्हणून व्हिडिओला ४८ किलोहर्ट्झ पुरतो. पण तोच आवाज चारपट हळू केला की २४ किलोहर्ट्झपर्यंतचं जे होतं ते ६ पर्यंत खाली येतं आणि वरचं सगळं रिकामं, म्हणून आवाज कांबळं टाकल्यासारखा बंद वाटतो. हळू करायचेच आवाज असतील तर ९६ वर घ्या, जमलं तर १९२ वर. माइकने वरचं उचललं पाहिजे हे आहेच, पण बरेच माइक २० च्या वरही थोडं उचलतात. किल्ल्यांचा जुडगा घेऊन बघा. किल्ल्या खुळखुळतात तेव्हा आपल्याला ऐकू न येणारेही भरपूर उंच सूर निघतात, वटवाघळांचे डिटेक्टर तपासायला लोक किल्ल्याच हलवतात. तो जुडगा आठपट हळू करा, मोठमोठ्या घंटा वाजायला लागतात.

जागेचा हिशोब पण सांगून ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ, ३२ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण २३ एमबी, तासाला १.४ जीबीच्या आसपास. ९६ केलं की दुप्पट. कार्ड त्या मानाने घ्या.

पितळी

अजून कुणी कॉन्टॅक्ट माइकचं नाव कसं काढलं नाही?

बझरमध्ये किंवा वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात एक पातळ पितळी चकती असते, मध्ये पांढरा गोल आणि दोन वायरी. ती पिझो चकती. काही स्फटिक दाबले की वीज तयार होते हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं, ही चकती त्याच तत्त्वावर चालते. वायरींना ऑडिओ जॅक डकवला की झाला माइक, पण हा हवेतलं काही ऐकत नाही, ज्याला चिकटवाल त्या वस्तूच्या आतली थरथर ऐकतो. जिन्याच्या कठड्याला लावा आणि कुणालातरी दोन मजले खाली हात फिरवायला सांगा. खिडकीच्या काचेला लावा आणि पाऊस येऊ द्या. सायकलच्या फ्रेमला लावून चाक फिरवा, एकेक आरी वेगळी वाजते. ह्या आवाजांना खोलीच नसते, म्हणजे कुठे रेकॉर्ड केलं ह्याचा काही मागमूस नसतो, त्यामुळे अ‍ॅनिमेशनमध्ये ते अगदी कानात बोलल्यासारखे बसतात.

एक पथ्य. चकती थेट रेकॉर्डरच्या माइक जॅकला लावली तर आवाज किरकिरा, बिनबुडाचा येतो आणि लोक म्हणतात पिझो भंगार आहे. भंगार नसते, तिला समोर साधारण एक मेगाओहमचा, म्हणजे विजेला खूप रोध असलेला, इनपुट लागतो, गिटारच्या इनपुटला असतो तेवढा. तो मिळाला नाही की खालचे सूर गळून जातात. मध्ये छोटा बफर प्रीअ‍ॅम्प टाका (तसा इनपुट देणारं मधलं सर्किट) आणि मग बघा खर्ज कसा भरतो (खर्ज, तुमच्याबद्दल नाही बोलत आहे 🙂). चकती द्रवरूप रबरात बुडवून नीट वाळवली की पाण्याखालीपण चालते. बादलीत सोडून वरून नळाची धार हळूहळू बारीक करत न्या, शेवटचे थेंब पडताना खालून जे ऐकू येतं ते मी शब्दात सांगू शकत नाही.

आणि दुसरं खेळणं म्हणजे जुन्या टेलिफोनवरचं बोलणं रेकॉर्ड करायला जी रबरी चोषक असलेली कॉइल मिळायची ती. ती आवाज ऐकतच नाही, चुंबकीय क्षेत्र ऐकते. चार्जरपाशी न्या, राउटरपाशी न्या, स्क्रीनपाशी न्या, प्रत्येकाचं वेगळं गाणं. टॅबलेटवर चित्र काढताना कॉइल वर धरली तर स्क्रीन काय करतोय ते ऐकू येतं. क्रिस्टिना कुबिश नावाची जर्मन कलाकार तर असे खास हेडफोन देऊन लोकांना शहरात फिरायला पाठवते, दुकानांची दारं, एटीएम, ट्राम, सगळी वीज ऐकत जायचं. रोबोट, यंत्रं, अवकाशयानं काढत असाल तर आवाजांचं अख्खं गोदाम तुमच्या घरात पडलेलं आहे.

भिंगरी

अहो पितळी, हे काय सांगितलंत! आता टॅबलेटचं स्वतःचंच गाणं घेऊन त्याच टॅबलेटवर केलेल्या फिल्मला लावायचं, ठरलं.

एक प्रश्न. पावलांचं काय करायचं? माझ्या पुढच्या फिल्ममध्ये एक म्हातारा बर्फातून चालत जातो आणि माझ्याकडे ना बर्फ ना म्हातारा.

निळीशाई

भिंगरी, मी मित्रांच्या छोट्या गेमसाठी आवाज करून देते, पावलं हा माझा रोजचा धंदा आहे.

बर्फासाठी कॉर्नस्टार्च. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पिशवीत भर, तोंड घट्ट बांध आणि दोन्ही हातांनी दाब. तो जो करकर दबणारा आवाज येतो तो खऱ्या बर्फापेक्षा जास्त बर्फासारखा लागतो. सिनेमावाले हेच करत आलेत. ह्या कामाला फोली म्हणतात ते जॅक फोलीवरून, बोलपट नवे नवे आले तेव्हा युनिव्हर्सलमध्ये पडद्याकडे बघत बघत पावलं आणि कपड्यांची सळसळ वाजवायचा तो. बघत बघत हे महत्त्वाचं. आधी आवाज गोळा करून मग चित्राला चिकटवू नकोस, फिल्म समोर लाव आणि तिच्याबरोबर वाजव. म्हातारा थांबतो, तोल सावरतो, पुढचा पाय जरा उशिरा टाकतो, ते तुझ्या हातात आपोआप येतं. कॉपी पेस्ट केलेल्या पावलांत ते कधीच येत नाही. आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांना माझा हेवा वाटावा असं नाही, मलाच तुमचा वाटतो, कारण शूटिंगचा मूळ आवाज असा काही नसतोच, जे आहे ते सगळं आपण द्यायचं.

जुळवताना एक लक्षात ठेव. एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज हवेतून १४ मीटर जातो. म्हणजे पाऊल पडल्यावर एक फ्रेम उशिरा आवाज आला तर मनाला वाटतं माणूस तेवढ्या अंतरावर आहे, खटकत नाही. पण एक फ्रेम आधी आला की लगेच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दूरच्या शॉटला मी मुद्दाम थोडा उशीर ठेवते.

सवयी दोन लाव. रेकॉर्ड बटण दाबलं की आधी बोल, काय आहे, कशाने वाजवलंय, माइक किती लांब आहे. नंतर त्या फाइल्सच्या ढिगात तुझाच आवाज तुला वाट दाखवतो. आणि प्रत्येक जागेची नुसती शांतता अर्धा एक मिनिट घे, कुणी न हलता. दोन आवाजांच्या मध्ये पूर्ण शून्य ठेवलं तर फिल्म बंद पडल्यासारखी वाटते, तिथे ही शांतता भरायची. फ्रिज आधी बंद कर. विजेच्या वारंवारतेच्या दुपटीला तो घुमतो, ५० हर्ट्झची वीज असेल तर १०० वर, ६० ची असेल तर १२०. काढता येतो, पण नसलेला बरा.

कानसेन

निळीशाई, फ्रिज बंद करण्याआधी एकदा रेकॉर्ड पण करून घ्या म्हणावं. त्या घुमण्याला षड्ज धरून वर काही गुणगुणून बघा, फार गोड लागतं.

अनवट

बाहेर रेकॉर्ड करणार असाल तर वाऱ्यासाठी माइकवर चढवायची केसाळ टोपी आधी घ्या, बाकी सगळं नंतर. साधा फोम मोकळ्यावर टिकत नाही, झुळूक आली की धडधड येते आणि ती ३२ बिटमध्येही जात नाही. आणि माणसांची बोलणी ओळखू येतील अशी रेकॉर्ड झाली तर वापरण्याआधी विचारा. लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

जमा झालेले आवाज फ्रीसाउंड ह्या आवाजांच्या मोफत वेबसाइटवर टाकत जा हेही सुचवतो. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेलं आहे, तुम्ही आजवर जिथून घेत होतात त्यातलं बरंचसं तिथलंच असेल. अपलोड करताना लायसन्स नीट बघून निवडा, कुठल्याही अटीशिवाय द्यायचं की नाव द्यायला लावायचं, दोन्ही करता येतं. तुमची अडखळणारी बिजागरी कुणाच्या तरी वाकड्या दाराला नक्की हवी असेल.

भिंगरी

टोपीसकट ऑर्डर केला! येईपर्यंत फोन चालूच आहे, कॉर्नस्टार्चची पिशवी पण भरली, म्हातारा आज निम्मा चालून झाला. थांबून श्वास घेतो तिथे निळीशाईने सांगितलं तसं आपोआप हात थांबला माझा.

फक्त एक शेवटचं, पावलं स्टिरिओ घ्यायची का मोनो? रेकॉर्डरवर दोन्ही दिसतंय.

खर्ज

पावलं, दारं, वस्तू, म्हणजे एका ठिकाणाहून येणारं सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं न करता एकाच चॅनेलवर. मग फिल्ममध्ये म्हातारा डावीकडून उजवीकडे गेला की तुम्ही त्याच्याबरोबर आवाज सरकवू शकता. वारा, पाऊस, खोलीची शांतता हे स्टिरिओ. रेकॉर्डरवर चुकून स्टिरिओ राहिलं तरी काळजी नाही, ऑडॅसिटी ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडून दोनातली एक बाजू ठेवा. दोन्ही मिसळण्यापेक्षा एकच ठेवलेली जास्त स्वच्छ लागते.